संशय, निर्णय आणि बुद्धिबळाचा पट

प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ या १९२४ सालच्या कथेचा शेवट सर्वपरिचित आहे. अवधचे राज्य कंपनी सरकारच्या घशात जाते, नवाब कैद होतो, आणि तरीही ज्यांच्या मनावर ओरखडादेखील उमटत नाही असे दोन जहागीरदार एका खेळीवरून हमरीतुमरीवर येतात. एकमेकांचे कूळ काढतात, तलवारी उपसतात आणि पटाशेजारीच मरून पडतात. सत्यजित राय यांनी १९७७ साली या कथेवर चित्रपट केला तेव्हा हा शेवट बदलला, आणि त्यामुळे मूळ शेवटाचा अर्थ अधिकच चर्चिला गेला. समीक्षकांनी त्यात सरंजामी वर्गाच्या ऱ्हासाचे चित्र पाहिले, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या शेवटात आणखी एक, काहीसे धाकटे सत्य दडलेले आहे. राज्य गेल्यानेही जो माणूस जागचा हलत नाही, तो खेळात लबाडी केल्याच्या आरोपाने तलवारीला हात घालतो. असे का व्हावे?

या प्रश्नाचे एक उत्तर खेळाच्या स्वरूपात आहे. सभापर्वातील द्यूतात फासा आहे. तेथे हरणाऱ्याला दैवाला बोल लावता येतो, आणि शकुनीच्या कपटाची चर्चाही दैवाच्या चर्चेत मिसळून जाते. बुद्धिबळात फासा नाही. दोन्ही बाजूंना सारखीच मोहरी, सारखीच घरे, सारखाच वेळ. येथला पराभव हा निखळ स्वतःचा पराभव असतो. त्याचा भार दुसऱ्या कशावरही टाकता येत नाही. त्यामुळेच या खेळात लबाडीचा आरोप सर्वांत अपमानास्पद ठरतो, आणि त्यामुळेच तो करण्याचा मोहही सर्वांत अनावर असतो. दैव ज्या पटावर नाही, त्या पटावर हरलेल्याच्या अहंकाराला प्रतिपक्षाची लबाडी हे एकच आश्रयस्थान उरते. आरोप करणाऱ्याच्या मनाची ही अवस्था ध्यानात घेतल्यावाचून आरोपाच्या नीतीचा विचार करता येणार नाही.

गेल्या काही दशकांत या प्रश्नाला नवे वळण लागले, ते संगणकामुळे. १९९७ साली न्यूयॉर्क येथे गॅरी कास्पारोव्ह यांना ‘डीप ब्लू’ या यंत्राने हरवले, तेव्हा यंत्राच्या काही खेळ्या इतक्या मानवी वाटल्या की, पडद्याआडून एखादा माणूस यंत्राला साहाय्य करीत असावा असा संशय कास्पारोव्ह यांनी व्यक्त केला. पुढे काळ असा पालटला की संशयाची दिशाच उलटी झाली. यंत्र माणसाहून इतके बलवान झाले की, माणसाची खेळी फार चांगली असली तर तिच्यामागे यंत्र असावे असे वाटू लागले. एकेकाळी उत्कृष्टता हा मानवी बुद्धीचा पुरावा मानला जाई. आता तीच उत्कृष्टता माणसाविरुद्धचा पुरावा म्हणून मांडली जाते.

दिल्लीने या स्थित्यंतराचे दोन प्रसंग पाहिले आहेत. बुद्धिबळाच्या इतिहासात दिल्लीचे नाव २००० सालच्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेसाठी घेतले जाते. तिच्या फेऱ्या येथे झाल्या, अंतिम सामना तेहरानला झाला आणि विश्वनाथन आनंद जगज्जेते झाले. त्या अभिमानास्पद घटनेला सहा वर्षे होतात न होतात तोच, डिसेंबर २००६ मध्ये, सुब्रतो मुखर्जी स्मृती स्पर्धेत एक वेगळीच घटना घडली. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी वरच्या पटांवरील खेळाडूंची धातुशोधक यंत्राने तपासणी केली, आणि कानांवर ओढून घेतलेल्या एका टोपीच्या शिवणीत ब्लूटूथचे उपकरण सापडले. बाहेर बसलेले साथीदार संगणकाच्या साहाय्याने खेळ्या कळवीत होते. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने त्या खेळाडूवर दहा वर्षांची बंदी घातली.

दुसरा प्रसंग एप्रिल २०१५ मधला, डॉ. हेडगेवार खुल्या स्पर्धेतला. येथे पटाच्या एका बाजूला होते मुंबईचे प्रवीण ठिपसे: १९८५ साली राष्ट्रकुल स्पर्धा जिंकलेले, आणि आनंद व दिव्येंदु बरुआ यांच्यानंतर, १९९७ साली, ग्रँडमास्टर झालेले तिसरे भारतीय. समोर होता हरियाणाचा एकोणीस वर्षांचा एक तरुण. ठिपसे यांना संशय आला तो खेळ्यांच्या गुणवत्तेवरून जितका, तितकाच त्यांच्या लयीवरून. सोपी खेळी असो वा अवघड, तरुण प्रत्येक खेळीस सुमारे दोन मिनिटेच घेत होता. ठिपसे यांनी पंचांकडे तक्रार केली. झडतीत तरुणाच्या पायांना बांधलेले दोन मोबाईल आणि कानातील सूक्ष्म ध्वनियंत्र सापडले. दूर बसलेला मित्र संगणकावर डाव मांडीत होता. पायाच्या ठोक्यांनी खेळ्या कळविल्या जात आणि उत्तर कानात येई.

हे दोन प्रसंग वरवर सारखे दिसतात. दोन्हींत उपकरण सापडले, दोन्हींत दोष निर्विवाद होता. परंतु नैतिक दृष्टीने पाहता त्यांत मूलभूत भेद आहे. २००६ मध्ये तपासणी अनेकांची झाली आणि दोषी एक सापडला. २०१५ मध्ये संशय एकावर घेतला गेला आणि तोच दोषी निघाला. पहिल्या मार्गात तपासणी ही व्यवस्था असते, दुसऱ्यात ती आरोप असते. दिल्लीच्या मेट्रोत शिरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची तपासणी होते. त्यात कोणाचा अवमान होत नाही, कारण ती सर्वांची होते. त्याच रांगेतून एकालाच बाजूला काढले, तर सामानात काही न सापडताही त्याच्याकडे वळलेल्या नजरा त्याला काही काळ सोडीत नाहीत. सर्वांवर सारखा अविश्वास दाखवणे ही एका परीने विश्वासाचीच शिस्त आहे. एकावरचा उघड संशय मात्र निकाल लागण्यापूर्वीच शिक्षा होऊन बसतो.

तर मग ठिपसे यांचे चुकले काय? मुळीच नाही. येथेच प्रश्नाचा खरा गाभा आहे. ज्याने आयुष्यभर एक विद्या उपासली, त्याला जे जाणवते ते इतरांना जाणवत नाही. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाला एखादी ओवी वाचताच ती प्रक्षिप्त आहे असे वाटते. कारण विचारले तर तो भाषेकडे, लयीकडे, शब्दांच्या घडणीकडे बोट दाखवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले ते अशाच कसलेल्या जाणिवेच्या आधारे. जाणकाराची ही प्रचीती टाकाऊ नव्हे. किंबहुना ती नसती तर कितीतरी लबाड्या उजेडातच आल्या नसत्या. मात्र प्रचीती ही शोधाची सुरुवात असते, शोधाचा शेवट नव्हे. ठिपसे यांच्या वर्तनाचे मोल त्यांचा संशय खरा ठरला यात नाही. तो खोटा ठरला असता तरी त्यांचे वर्तन योग्यच ठरले असते. कारण त्यांच्याजवळ इतरांना सांगता येईल असा हेतू होता, आणि तो त्यांनी जेथे सांगायला हवा तेथेच, म्हणजे पंचांजवळ, सांगितला.

न्यायसूत्रांनी ज्या सोळा पदार्थांची गणना केली आहे, त्यांत ‘संशय’ हा तिसरा आहे आणि ‘निर्णय’ नववा. मध्ये प्रयोजन, दृष्टांत, सिद्धांत, अवयव आणि तर्क अशा पाच पायऱ्या आहेत. या क्रमाचा अर्थ उघड आहे. संशय हा दोष नाही, ज्ञानाच्या वाटेवरचा तो आवश्यक टप्पा आहे; परंतु तिसऱ्या पायरीवरून नवव्या पायरीवर उडी घेण्याची मुभा शास्त्राने कोणालाही दिलेली नाही.

याच शास्त्रातील धूर आणि अग्नी यांचे उदाहरण प्रस्तुत प्रश्नाला विलक्षण लागू पडते. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती खरी. जेथे अग्नी तेथे धूर, ही मात्र खोटी. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीवरून धुराचे अनुमान करायचे तर ओले इंधन आहे हे वेगळे दाखवावे लागते. नैयायिक त्यालाच उपाधी म्हणतात. आता, जेथे यंत्राचे साहाय्य तेथे अचूक खेळ, ही व्याप्ती मान्य करता येईल. परंतु आरोप करणारा बहुधा उलट दिशेने जातो: जेथे अचूक खेळ, तेथे यंत्र. तो अग्नी पाहतो आणि धूर आहे असे सांगतो. टोपीतील उपकरण, पायाला बांधलेला मोबाईल, सोप्या-अवघडाचा भेद न जाणणारी घड्याळाची लय, ही ओल्या इंधनाची उदाहरणे होत. ती दाखवता आली नाहीत, तर उरते ती केवळ उत्तम खेळाची साक्ष. आणि उत्तम खेळणे हा गुन्हा नव्हे.

संख्याशास्त्राने हे कोडे सुटेल असे अनेकांना वाटते. खेळाडूच्या खेळ्या यंत्राच्या खेळ्यांशी ताडून पाहण्याच्या पद्धती प्रगत झाल्या आहेत, आणि त्यांचा उपयोगही होतो. परंतु आकडाही स्वतः बोलत नाही. समजा, वर्षभरात दहा हजार खेळाडूंचे डाव तपासले आणि त्यांत खरे लबाड दहाच आहेत. कसोटी इतकी उत्तम आहे की ती एकाही लबाडाला सोडत नाही, आणि हजार प्रामाणिकांत एखाद्यालाच चुकून दोषी ठरवते. तरीही कसोटीच्या जाळ्यात सापडतील ते सुमारे वीस जण: दहा लबाड आणि दहा प्रामाणिक. हजारांत एक इतक्या क्वचित चुकणाऱ्या कसोटीने पकडलेल्यांपैकी निम्मे निरपराध असतील. तेव्हा ‘असा खेळ योगायोगाने होणे हजारांत एकदाच शक्य’ हे विधान कितीही खरे असले, तरी त्यावरून ‘हा मनुष्य हजारांत नऊशे नव्याण्णव हिश्श्यांनी लबाड’ असा निष्कर्ष निघत नाही. आकडा संशय दृढ करतो, चौकशीला दिशा देतो. एकट्याच्या बळावर माणसाचे नाव पुसण्याचा अधिकार त्याला देणे धोक्याचे आहे.

सर्वोच्च पातळीवरील गेल्या काही वर्षांचा वाद या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईस येथील सिंकफील्ड चषक स्पर्धेत एकोणीस वर्षांच्या हान्स नीमन याने जगज्जेत्या मॅग्नस कार्लसन यांना हरवले. दुसऱ्याच दिवशी कार्लसन स्पर्धेतून बाहेर पडले. आरोप त्यांनी केला नाही, पण गर्भित इशारा दिला. पुढल्या एका संगणकीय स्पर्धेत नीमनविरुद्ध एक खेळी करून त्यांनी डाव सोडला, आणि त्यानंतर निवेदन काढून संशय उघड केला. नीमन याने बाराव्या आणि सोळाव्या वर्षी संगणकीय डावांत लबाडी केल्याचे कबूल केले, पटावरच्या लबाडीचा मात्र ठाम इन्कार केला. चेस डॉट कॉम या संकेतस्थळाच्या ७२ पानी अहवालाने त्याच्या शंभराहून अधिक संगणकीय डावांवर बोट ठेवले. पटावरच्या त्या डावात लबाडी झाल्याचा पुरावा पुढे आला नाही. दहा कोटी डॉलरचा दावा झाला, तो न्यायालयाने फेटाळला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक महासंघाच्या नीतिविषयक आयोगाने कार्लसन यांना निराधार आरोपाच्या दोषातून मुक्त केले, परंतु सबळ कारणावाचून स्पर्धा सोडल्याबद्दल त्यांना दहा हजार युरोचा दंड केला.

येथे दोन्ही बाजूंना न्याय दिला पाहिजे. ज्याने एकदा फसवले, त्याच्या शब्दावरचा विश्वास उडणे स्वाभाविक आहे, आणि कार्लसन यांची अस्वस्थता खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु पूर्वीचा अपराध हा आजच्या अपराधाचा पुरावा होऊ शकत नाही. तसे मानले तर प्रायश्चित्त या शब्दाला अर्थच उरणार नाही. आणि शब्दांवाचून केलेला आरोप हा शब्दांनी केलेल्या आरोपाहून अधिक अन्यायकारक असतो, कारण त्याला उत्तर देता येत नाही. मौनाचे खंडन कोणी कसे करावे? ठिपसे यांच्या शब्दांत हेतू होता, म्हणून तो तपासता आला. जगज्जेत्याच्या मौनात अधिकार होता, पण हेतू नव्हता; आणि नेमक्या त्याच अधिकारामुळे ते मौन साऱ्या जगाला ऐकू गेले.

व्लादिमीर क्रामनिक यांचे उदाहरण तर एखाद्या नाटकाच्या कथानकासारखे आहे. २००६ साली, दिल्लीतील टोपीच्या प्रकरणाच्या दोन-अडीच महिने आधी, एलिस्ता येथे व्हेसेलिन टोपालोव्ह यांच्याशी त्यांचा जगज्जेतेपदाचा सामना झाला. क्रामनिक वारंवार प्रसाधनगृहात जातात, अशी तक्रार प्रतिपक्षाच्या व्यवस्थापकाने केली. अपील समितीने खेळाडूंची स्वतंत्र प्रसाधनगृहे बंद केली. क्रामनिक यांनी त्या स्थितीत खेळण्यास नकार दिला, पाचवा डाव न खेळता गमावला, आणि तरीही अखेर सामना जिंकला. सूचक आरोपाचा अपमान काय असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण उत्तरकाळात संगणकीय बुद्धिबळातील लबाडीविरुद्ध मोहीम उघडून अनेक खेळाडूंच्या आकड्यांविषयी जाहीर शंका घेणारे म्हणून तेच प्रसिद्ध झाले. अमेरिकेचे ग्रँडमास्टर डॅनियल नारोदित्स्की हे त्यांनी ज्यांच्याविषयी शंका घेतली त्यांपैकी एक. आरोप त्यांनी नाकारला होता, आणि तो कधीही सिद्ध झाला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, नारोदित्स्की यांचे निधन झाले. त्यानंतर जागतिक महासंघाने क्रामनिक यांच्या जाहीर वक्तव्यांचे प्रकरण नीतिविषयक आयोगाकडे नेले. या मृत्यूचे कारण आरोपांना चिकटवणे हेही पुराव्यावाचूनचेच विधान होईल, आणि ते टाळले पाहिजे. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, त्या तरुणाच्या अखेरच्या वर्षावर न सुटलेल्या संशयाची छाया होती, आणि ती दूर करण्याचा कोणताही मार्ग त्याच्या हाती नव्हता.

आपण केवळ प्रश्न विचारतो आहोत, असा बचाव अशा वेळी केला जातो. प्राचीनांनी वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्याच्या शोधासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतः कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष मोडण्यासाठी ती वितंडा. ‘आरोप नाही, केवळ प्रश्न’ ही वितंडेची आधुनिक वेशभूषा आहे. ज्याने पक्ष मांडला त्याच्यावर तो सिद्ध करण्याची जबाबदारी येते. ज्याने केवळ प्रश्न विचारला तो जबाबदारीतून मुक्त राहतो, आणि उत्तर देण्याचा सारा भार निरपराधावर पडतो. त्यातही नसलेली गोष्ट नव्हती असे सिद्ध करण्याइतके अवघड काम दुसरे नाही.

याचा अर्थ संशय गिळून गप्प बसावे असा नव्हे. मौनाचाही अन्याय असतो, आणि तो बहुधा दुर्बलांवर होतो. खुल्या स्पर्धेत एक लबाड जिंकतो तेव्हा एक प्रामाणिक हरतो. त्याचे मानांकन घसरते, बक्षीस जाते, ग्रँडमास्टरपदासाठी लागणारा निकष हुकतो. या देशात रेल्वेतली वा सार्वजनिक उद्योगातली नोकरी खेळाच्या गुणवत्तेवर मिळते, हे ध्यानात घेतले तर एका चोरलेल्या गुणाची किंमत कळते. शिवाय चोरी होते ती केवळ गुणाची नव्हे. बुद्धिबळातील खेळी ही कर्त्याची असते. तिच्यामागे त्याचे भय, त्याचे धाडस, त्याची रात्रभरची तयारी असते. उसनी खेळी करणारा प्रतिस्पर्ध्याला फसवतोच, पण त्याहून अधिक म्हणजे दोघांनी मिळून जी एक कृती घडवायची असते तिचे कर्तृत्वच तो नाहीसे करतो. वाङ्मयचौर्याने जसे मूळ लेखकाइतकेच वाचकाचेही नुकसान होते, तसेच हे आहे.

म्हणून प्रश्न संशय घ्यावा की न घ्यावा असा नाही. तो कोणाजवळ, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या जबाबदारीने मांडावा असा आहे. जागतिक महासंघाच्या नियमांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. तक्रार पंचांकडे करण्याची वाट आहे, तपासणीची तरतूद आहे, आणि उघडउघड निराधार आरोप करणाऱ्यालाही शिक्षेची तरतूद आहे. ही अखेरची तरतूद कित्येकांना जाचक वाटते. वस्तुतः तिनेच आरोपाला प्रतिष्ठा दिली आहे. ज्या शब्दाची किंमत मोजावी लागत नाही, त्या शब्दाला सत्यही फुकटच मिळते.

दिल्लीच्या त्या पटावर २०१५ साली बसलेला तरुण दोषी होता. परंतु विचार करायचा तो त्याचा नव्हे, त्याच्यानंतर येणाऱ्याचा. हरियाणातून, विदर्भातून किंवा सांगलीहून आलेला, कोणालाही ठाऊक नसलेला एखादा मुलगा पुन्हा कधीतरी एखाद्या ग्रँडमास्टरसमोर बसेल, आणि त्या दिवशी तो आयुष्यातला सर्वोत्तम डाव खेळेल. कोणत्याही टोपीच्या, कोणत्याही ध्वनियंत्राच्या साहाय्यावाचून तो जिंकेल. त्या क्षणी समोरच्या जाणत्या माणसाच्या मनात संशय येईलच. २००६ आणि २०१५ नंतर तो न येणे शक्य नाही. त्या संशयाचे तो काय करील, यावर त्या मुलाचा पुढचा डाव अवलंबून असेल. सर्वांसारखीच त्याचीही तपासणी झालेली असेल, तर त्याला सांगण्याजोगे एकच वाक्य उरेल: डाव चांगला झाला. ते वाक्य मनापासून म्हणता यावे, यासाठीच साऱ्या झडत्या आणि सारे नियम असतात.